तेवीस इंची फ्रेम

रामजीने सायकलच्या दोन्ही फ्रेम भिंतीला टेकवून शेजारी शेजारी उभ्या केल्या, तेव्हा दुकानात जगन परब, त्याची बायको मंजुळा आणि त्याचा मित्र आनंदा असे तिघे होते. यातली लहान फ्रेम जगनच्या मापाची आहे, हे बाकीच्यांना बघताक्षणी कळलं. अडचण एवढीच होती, की ते जगनलाही कळलं.

जगनची उंची पाच फुटांच्या आतच कुठेतरी थांबली होती. मिलमध्ये साच्यावर कापड विणताना तो पायाखाली फळी घ्यायचा. बसमध्ये पाठमोरा उभा असला, की कंडक्टर अर्धं तिकीट फाडायचा आणि जगन वळला की मिशी बघून ओशाळायचा. लग्नातल्या फोटोत फोटोवाल्याने मंजुळाला खुर्चीत बसवलं होतं आणि जगनला शेजारी उभं केलं होतं, तरी दोघांची डोकी जवळजवळ एका रेषेत आली होती. या सगळ्याला एकच उतारा होता, तो म्हणजे सायकल. सायकलवर बसल्यावर माणसाची उंची कुणी मोजत नाही. मिलच्या शर्यतींत जगन दरवर्षी पहिला यायचा, आणि बक्षीस घ्यायला स्टेजवर चढेपर्यंत तरी लोक फक्त टाळ्या वाजवायचे.

पण संप सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी ती सायकल घरातून गेली. आता संपाला दोन वर्षं उलटून गेली होती. संप मिटला असं कुणी सांगत नव्हतं, चालू आहे असंही कुणी छातीठोक म्हणत नव्हतं. काही मिल पुन्हा सुरू झाल्या होत्या, त्यांत जगनची नव्हती. मंजुळा लोअर परळच्या एका खानावळीच्या चपात्या लाटत होती आणि जगन सकाळी अंघोळ करून, भांग पाडून, कुठेतरी जायचं असल्यासारखा गॅलरीत उभा राहत होता.

अशात आनंदाने बातमी आणली. एका सरकारी कंपनीला आपल्या संघासाठी सायकलपटू हवा होता. जागा एकच, पण कायमची. येत्या रविवारी सकाळी वरळीच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर टाइम ट्रायल होती. म्हणजे सगळ्यांनी एकदम सुटायचं नाही. एकेकाने एकट्यानेच पळवायची, घड्याळाशी भांडत. ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागेल त्याला नोकरी.

"तुझ्यासाठीच काढलीय रे ही जागा," आनंदा म्हणाला. "फक्त सायकल पाहिजे."

म्हणून ते चिंचपोकळीला रामजीच्या दुकानात आले होते. रामजीला जगनच्या जुन्या शर्यती आठवत होत्या. तो सायकल वापरायला द्यायला तयार होता, अट एकच. जगन जिंकला आणि कुणी पेपरवाला आला, तर त्याने दुकानाचं नाव सांगायचं.

"ही मोठी तेवीस इंची," रामजी म्हणाला. "दादरच्या एका पारशी बाबाची. सहा फुटी गडी होता. आणि ही अठरा इंची. मधला दांडा खाली आहे, त्यामुळे दोन्ही पाय जमिनीला टेकवून मस्त उभं राहता येतं. हँडल जवळ. चाकंपण एक नंबर लहान घातलीत."

"चाकं का लहान?" जगनने विचारलं.

"एवढ्याशा फ्रेमला मोठं चाक घातलं ना, तर वळताना बुटाचं टोक चाकाला लागतं. मग वळायचंच नाही, सरळ समुद्रात जायचं. म्हणून चाक लहान. पायडल जरा जास्त मारावं लागेल, पण तुझे पाय काय, मशीन आहेत."

मंजुळाने लहान फ्रेमच्या दांड्यावर हात फिरवला. "हीच घ्या," ती म्हणाली. "मापात आहे."

जगनही त्या फ्रेमकडेच बघत होता. त्याने नकळत सीटवर हातही ठेवला होता. आणखी दोन क्षण सगळे गप्प बसले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आनंदाला चौकशा फार.

"ही बनवली कुणासाठी होतीस रे?" त्याने विचारलं.

रामजी सरळ मनाचा माणूस होता. कुठल्यातरी शाळेतल्या पोरासाठी, असं सांगून त्याला सुटता आलं असतं. "सर्कसवाल्यासाठी," तो म्हणाला. "त्यांच्यात एक होता बघ, तो जोकरचं काम..." एवढं बोलून त्याने जगनकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं.

जगनने सीटवरचा हात काढला.

"मोठी दे," तो म्हणाला.

"जगन्या, अरे..."

"मोठी दे म्हणतो ना. नोकरी मागायला चाललोय. सर्कशीच्या सायकलवर बसून जाऊ? साहेब लोक तिथं टेबल टाकून बसणार. लांबून येताना दिसलो की आधी हसणार, मग घड्याळ बघणार."

"घड्याळ बघितल्यावर हसणार नाहीत," मंजुळा म्हणाली.

"तुला काय माहीत, कोण कुठं हसतं ते."

यावर मंजुळाकडे उत्तर होतं, पण ते दुकानात देण्यासारखं नव्हतं. तिने पदर खांद्यावर ओढून घेतला आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली. रामजीने मोठी फ्रेम काढली, तिला चाकं बसवली आणि गिऱ्हाईक जे मागेल त्याची बाजू घेण्याच्या सवयीने म्हणाला, "मोठी फ्रेम रस्त्यावर बसते बरं का घट्ट. हलत नाही."

ती हलत नव्हती हे खरं होतं. प्रश्न जगनच्या हलण्याचा होता. चाळीत सायकल आली तेव्हा मधला दांडा त्याच्या बेंबीच्या वर येत होता. जगनची आई तुळसा दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने सुपावरून मान वर केली, सायकल बघितली, मुलगा बघितला आणि म्हणाली, "अरे झिला, हेच्यार तू चढतलस कसो?"

चढण्याचा मार्ग निघाला. चाळीच्या पायऱ्यांपाशी सायकल लावायची, तिसऱ्या पायरीवरून टांग टाकायची आणि तोपर्यंत आनंदाने मागून धरून ठेवायचं. मग पाय पायडलला पुरेनात. सीट अगदी दांड्याला टेकेपर्यंत खाली घेतली, तरी अंगठे तेवढे पोचत होते. म्हणून आनंदाने लाकडाचे ठोकळे आणून पायडलला बांधले. मग हँडल लांब पडू लागलं. रामजीने हँडलची मान उलटी फिरवून बसवली. त्यामुळे हँडल जवळ आलं, पण सायकल वळताना आधी विचार करायची आणि मग वळायची. एकेक अडचण दूर होत गेली, तसतसा जगनचा चेहरा खुलत गेला. माणसाला एवढ्या अडचणी सोडवता आल्या म्हणजे मुळातला निर्णय बरोबरच असणार, असं त्याला वाटू लागलं.

उरली एकच. उतरायचं कसं?

"चालवाल तुम्ही, त्याबद्दल माझं काही नाही," मंजुळा म्हणाली. "थांबणार कसे?"

"शर्यतीत थांबायला कोण जातं?" जगन म्हणाला.

सरावापुरता त्याने तोडगा काढला होता. त्याच्याच मिलच्या गल्लीत तो सायकल पळवायचा. गल्लीच्या टोकाला मिलचं मोठं लोखंडी गेट होतं, दोन वर्षं कुलूप लागलेलं. वेग कमी करत यायचं आणि गेटचे गज दोन्ही हातांनी पकडायचे. मग गजांवरून हात सरकवत सरकवत खाली यायचं. पहिल्या दिवशी आवाज ऐकून दगडू वॉचमनने आतून छोटी खिडकी उघडली.

"कोण आहे?"

"मी, जगन परब. साचे खात्यातला."

दगडूने खिडकीतून वर पाहिलं. "कामासाठी आलास काय रे? अजून काही नाही बाबा."

"नाही, नाही," जगन गजाला लटकून म्हणाला. "थांबलोय नुसता."

"थांबलेत तर सगळेच," असं म्हणून दगडूने खिडकी लावून घेतली.

रविवारी सकाळी वरळीच्या रस्त्यावर, कोळीवाड्याच्या बाजूला, कंपनीने टेबल मांडलं होतं. टेबलामागे सबनीस नावाचे साहेब बसले होते. गोरे, चष्मेवाले आणि आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी सगळ्यांना नियम समजावून सांगितले. समुद्राकाठच्या रस्त्याने दोन फेऱ्या मारायच्या आणि पुन्हा इथेच यायचं. आल्यावर सायकलवरून उतरून टेबलापाशी सही करायची. मागच्या वेळी एकाने आपल्या जागी मावसभावाला पळवलं होतं, म्हणून ही सही आता सक्तीची होती.

"सही झाल्याशिवाय वेळ धरली जाणार नाही," सबनीस म्हणाले.

जगनने आनंदाकडे पाहिलं. आनंदाने मान हलवली. त्यांचं सगळं ठरलं होतं. सुटताना आनंदा धरणार, जगन परत आला की आनंदा पुन्हा धरणार, जगन त्याच्या खांद्यावर हात ठेवून रुबाबात उतरणार. बघणाऱ्याला वाटावं, दमलेला माणूस मित्राच्या खांद्यावर टेकला.

बाकीचे गडी बहुतेक लांब टांगांचे होते. त्यांच्यात जगन उभा राहिला तेव्हा एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. पण आनंदाने त्याला उचलल्यासारखं करून सायकलवर बसवलं आणि तो वर बसला, तेव्हा जगनचं डोकं सगळ्यांच्या वर आलं. कुणी हसलं नाही. जगनने खालच्या सगळ्या डोक्यांवरून एक नजर फिरवली. तेवीस इंची फ्रेम निवडल्याबद्दल त्याला त्या क्षणी स्वतःचा अभिमान वाटला.

शिट्टी वाजली आणि तो सुटला.

तो कसा गेला, हे ज्यांनी पाहिलं ते पुढे पुष्कळ दिवस सांगत होते. एवढी खटपट करूनही हँडल जरा लांबच होतं, त्यामुळे त्याला सीटच्या टोकावर सरकून पालथं पडावं लागत होतं आणि त्याची पाठ पाटासारखी सपाट झाली होती. मागून सायकल आपोआप चालल्यासारखी दिसत होती. ठोकळे पायडलवर खटखट वाजत होते. समोरून येणारा वारा बाकीच्यांच्या छातीवर आदळत होता, जगनला तो वरून ओलांडून जात होता. पहिल्या फेरीत त्याने आधी सुटलेल्या दोघांना मागे टाकलं. दुसऱ्या फेरीत त्याला मांड्या जाणवेनाशा झाल्या. साच्यांचा आवाज, बंद गेट, गॅलरीतल्या सकाळी, सगळं मागे पडत चाललंय असं त्याला वाटत होतं. शेवटच्या वळणावर त्याने मान वर करून टेबल बघितलं आणि त्याच वेळी आनंदालाही बघितलं.

आनंदाच्या हातात दुसराच गडी होता.

झालं होतं असं, की सुटताना सायकल धरायला नेमलेला कंपनीचा माणूस आलाच नव्हता. आनंदाने जगनला छान धरलेलं सबनीसांनी पाहिलं आणि ते म्हणाले, "तुम्ही फार चांगलं धरता. जरा बाकीच्यांनाही धराल का?" सरकारी साहेबाने असं विचारल्यावर आनंदा नाही कसं म्हणणार? जगन यायला अजून वेळ आहे असा त्याचा हिशेब होता. आणि जगन कुणाच्याही हिशेबाआधी आला होता.

"आनंदा, सोड त्याला," जगन ओरडत आला.

"सोडला तर पडेल रे तो. थांब जरा."

"थांबता आलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

एवढं बोलणं होईपर्यंत जगन रेषेवरून पुढे गेला होता. घड्याळवाल्याने वेळ टिपली, सबनीसांनी पेन पुढे केलं आणि समोरून तेवीस इंची सायकल निघून गेली.

सायकलला ब्रेक होते. पण ब्रेक लावला की सायकल थांबणार आणि सायकल थांबली की जगन पडणार, हे उघड होतं. टेबलासमोर, त्या सगळ्या लांब टांगांच्या माणसांसमोर, उंच सायकलवरून धोंड्यासारखं आडवं पडायचं त्याच्या जिवावर आलं. वळून परत यावं, तोवर आनंदा मोकळा होईल, असं त्याने ठरवलं. पण तो वळायला लागताच लाल झेंडीवाला धावत आला. रस्त्यावर दुसरे गडी पळत होते, संपवलेल्यांनी मध्ये यायचं नव्हतं. झेंडीवाल्याने त्याला बाजूच्या रस्त्याला घातलं.

सकाळी फिरायला आलेले एक गृहस्थ समोरून येत होते. जगन त्यांच्याभोवती हळूहळू फिरत म्हणाला, "साहेब, जरा धरता का?" गृहस्थांनी खिशावर हात ठेवला आणि ते भराभर चालू लागले. पुढे विजेचा खांब होता. जगनने हात पुढे केला, पण उलट्या मानेच्या हँडलने वळायला उशीर केला आणि खांब निघून गेला. मग रस्ता उताराचा झाला, अरुंद झाला, दोन्ही बाजूंना घरं आली, माशांचा वास आला आणि जगन कोळीवाड्यात शिरला.

वाटेत बांबूंचे मांडव होते आणि त्यांवर बोंबील वाळत घातले होते. जगनला बांबू दिसला. गेटच्या गजांची सवय झालेल्या हातांनी त्याने बांबू पकडला. गेट जमिनीत पक्कं होतं. मांडव तसा नव्हता. तो जगनबरोबर चार पावलं आला, मग करकरला आणि सगळे बोंबील जगनच्या अंगावर उतरले. सायकल मात्र पडली नाही, कारण मागून कुणीतरी तिची सीट घट्ट पकडली होती.

ती अंबिका कोळीण होती. मांडव तिचा होता.

"काय रं दादा," ती म्हणाली. "येवड्या मोठ्या घोड्यावर बसून कुठं निघालास?"

"आधी उतरवा मला."

अंबिकाने त्याच्याकडे खालून वर पाहिलं. मग तिने त्याच्या काखेत हात घातले आणि एखाद्या पोराला कठड्यावरून उतरवावं तसं त्याला उचलून खाली ठेवलं. आजूबाजूच्या बायका हसल्या नाहीत, त्यांना काम होतं. पण जगनला ऐकू आलंच.

"ताई, मला सही करायला जायचंय. नोकरीची आहे."

"जा की. आधी माझं बोंबील वर घाल."

जगनने तिला सगळं सांगून बघितलं. अंबिकाने ऐकूनही घेतलं. पण बोंबील तिच्या पोटापाण्याचे होते आणि मातीत पडले होते. शेवटी जगन खाली बसला आणि एकेक बोंबील झटकून गोळा करू लागला. मांडव पुन्हा उभा केल्यावर त्याचा वरचा बांबू जगनच्या हाताला पुरेना. अंबिकाने न बोलता एक पाटी उपडी करून त्याच्या पायापाशी सरकवली. जगन पाटीवर चढला आणि टाइम ट्रायलमधला सगळ्यांत वेगवान माणूस बोंबील टांगत राहिला.

तो सायकल हाताने ढकलत परत आला तेव्हा ट्रायल संपली होती. लोक आवरत होते. सबनीस मात्र टेबलापाशीच उभे होते आणि त्यांच्या शेजारी, जगनला विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही म्हणून, आनंदा अपराध्यासारखा उभा होता.

"परब, कुठे गेलात तुम्ही?" सबनीसांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमची वेळ सगळ्यांत चांगली आहे. आम्ही केव्हाची वाट बघतोय. तुम्ही थांबला का नाहीत?"

आनंदाने तोंड उघडलं. जगनने त्याच्या पायावर पाय दिला. सबनीसांच्या मागे ते सगळे गडी उभे होते. सकाळी कानात बोलणारे दोघंही होते. जगनच्या अंगाला बोंबलांचा वास येत होता आणि केसांत त्यांचा चुरा होता. उतरता आलं नाही, एवढे तीन शब्द होते. ते त्याच्या ओठांपर्यंत आलेही. पण त्या शब्दांच्या मागोमाग येणारं हसणं त्याला आधीच ऐकू येऊ लागलं.

"काही अडचण आली का?" सबनीसांनी पुन्हा विचारलं. "सायकलची काही?"

"सायकल उत्तम आहे," जगन म्हणाला.

"मग?"

"मला नोकरी नकोच होती, साहेब. हौस म्हणून आलो होतो."

सबनीस त्याच्याकडे बघत राहिले. "हौस म्हणून," ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला बोलावलं.

घरी जाताना आनंदा सायकल ढकलत होता आणि जगन चार पावलं पुढे चालत होता. चिंचपोकळीचा पूल आला. पुलावर जगन थांबला. "मी काय बोललो रे," तो म्हणाला. तो प्रश्न नव्हता. आनंदा सायकल ढकलत राहिला.

घरी जगनने सांगितलं, की दुसरा कुणीतरी पुढे गेला. तुळसाने त्याचा शर्ट हुंगला आणि बाजार केला असलास तर पिशवी कुठे आहे, म्हणून विचारलं. मंजुळाने त्याच्या अंघोळीला पाणी काढलं. संध्याकाळी ती नळावर गेली तेव्हा आनंदा तिची वाट बघत उभा होता.

"वैनी, तो पहिला आला होता," आनंदा म्हणाला. "उतरूच शकला नाही." आणि त्याने सगळं सांगून टाकलं. सर्कशीचा प्रश्न आपण विचारला, साहेबाचं काम आपण अंगावर घेतलं, हेही त्याने लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी चपात्या लवकर उरकून मंजुळा फोर्टातल्या त्या कंपनीच्या ऑफिसात गेली. सबनीसांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"साहेब, माझा नवरा बुटका आहे," ती म्हणाली. एवढं सरळ ती कुणासमोर कधी बोलली नव्हती. "सायकल मोठी होती. उतरता आलं नाही, म्हणून पुढं गेला. नोकरी नको असं काही नाही. नोकरी पाहिजे."

सबनीसांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

"अहो, मग सांगायचं ना. जाता जाता मला ओरडून सांगितलं असतं तरी मी धावत जाऊन धरलं असतं त्यांना. सायकलवर बसल्या बसल्या सही घेतली असती. परत आल्यावर सांगितलं असतं, तरीही चाललं असतं. सायकलची अडचण नियमात बसते. मी दोनदा विचारलं त्यांना." त्यांनी कपाळाला हात लावला. "मला वाटलं, माणूस माजलाय."

"आता काही होईल?"

"काल संध्याकाळीच त्या मुलाचं नाव वर कळवलं. आता नाही हो."

ते दारापर्यंत पोचवायला आले. मंजुळा फोर्टपासून चालत निघाली. जगनने नुसतं सांगायचं होतं. हे आता घरी जाऊन सांगायचं, या विचाराने तिचे पाय हळूहळू पडत होते. भायखळा येईपर्यंत ते तसंच्या तसं सांगावं असं तिच्या मनात होतं. लालबागला वळली तेव्हा तिला गॅलरीत भांग पाडून उभा असलेला जगन दिसू लागला, आणि तो इथून पुढे रोज तिथे उभा राहून काय आठवेल ते दिसू लागलं.

"कुठे गेली होतीस?" जगनने विचारलं.

"त्या साहेबाकडे."

जगनचा चेहरा उतरला. "काय म्हणाला?"

"म्हणायचंय काय. जागा आधीच भरलेली होती. तो मुलगा त्यांच्या ओळखीतलाच. ट्रायल नुसती नावाला."

एका भल्या माणसावर आपण खोटा आळ घेतोय, हे तिला बोलता बोलता कळत होतं. पण जगन खाटेवर ताठ बसला. त्याच्या तोंडावर कालपासून नसलेला रंग आला.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "तो चष्म्याआडून बघत होता तेव्हाच वाटलं. म्हणजे मी सही केली असती तरी घेतलं नसतंच."

"नसतंच."

"मग मी हौस म्हणून आलो म्हटलं, ते बरंच झालं की. तोंडावर मारलं त्याच्या."

त्या दिवशी जगन पोटभर जेवला. आठवड्याच्या आत सबनीस साहेब अख्ख्या चाळीत बदनाम झाले. त्यांना कधी न पाहिलेली माणसंही त्यांना शिव्या घालू लागली. आनंदा तेवढा कधी त्या बोलण्यात सामील झाला नाही. सायकल रामजीकडे परत गेली. पुढे जगनला एका छापखान्यात कागद कापायचं काम मिळालं. पगार मिलच्या निम्माही नव्हता, पण सकाळी जायला जागा झाली.

आणि सायकलच्या बाबतीत तो चाळीचा जाणकार झाला. काही वर्षांनी शेजारच्या खोलीतली मृणालिनी कॉलेजच्या संघातून टाइम ट्रायलला उतरणार होती. पोरगी जेमतेम जगनएवढीच. ती विचारायला आली, तेव्हा जगनने तिला समोर बसवून नीट समजावलं.

"मोठी फ्रेम घे. रस्त्यावर घट्ट बसते. पाठ आपोआप सपाट होते. मी वरळीला पळवली होती, तेवीस इंची. सगळ्यांत कमी वेळ माझा होता. पण ओळखीपुढे काय चालतं?"

मृणालिनीने मान हलवली आणि ती निघाली. मंजुळाने परातीतली कणीक झाकून ठेवली आणि पिठाचे हात पुसत ती तिच्या मागोमाग गॅलरीत आली.

"अगं, लहान घे," ती हळूच म्हणाली. "अठरा इंची मिळाली तर बघ, चाकंपण लहान. आणि मी सांगितलं असं ह्यांना सांगू नकोस."

"पण काकांनी तर मोठीच चालवली ना, काकी?"

मंजुळाने मागे वळून खोलीकडे पाहिलं. आत जगन कुणाला तरी ट्रायलची पहिली फेरी सांगत होता.

"चालवली. फार छान चालवली," ती म्हणाली. "उतरले नाहीत तेवढे."